अंधारांत पाहणारा कॅमेरा

हिंगणघाटाहून दक्षिणेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वडनेर गांवावरून पुढें जातो व वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यांत शिरतो. रात्रीं दहाच्या पुढें ह्या रस्त्यानें गेलें असतां मालमोटारींचे दिवे तेवढे पळतांना दिसतात. कडेच्या दुकानांचीं शटरें ओढलेलीं असतात व सारें सामसूम असतें. त्या बंद दारांच्या आंत मात्र कोणाची तरी वर्षाची कमाई असते. मृग लागण्यापूर्वीं कृषिसेवा केंद्रांत बियाण्याच्या पिशव्या व खतांचीं पोतीं कोंबून भरलेलीं असतात. दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारांत कापसाच्या गंजी लागतात. पूर्वीं ह्या सर्वांची राखण एकट्या चौकीदाराच्या काठीवर व कंदिलावर सोंपविलेली असे. हल्लीं त्याच्या जोडीस दारावर किंवा खांबावर एक लहानसा कॅमेरा बसलेला आढळतो. रात्रीं त्याच्या भिंगाभोंवतीं तांबूस ठिपके मिणमिणतात आणि पाहणारास वाटतें, कीं ह्याला झोंप नाहीं व ह्याला काळोखहि अडवीत नाहीं.

हा समज अर्धाच खरा आहे. कॅमेरा अंधारांत कसा पाहतो, किती पाहतो आणि कोठें फसतो, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें योजिलें आहे. कॅमेरा फसला तर माल जातो, हें तर खरेंच. पण कधीं कधीं त्याच्या फसण्यानें एखाद्या निरपराध मनुष्याची अब्रूहि धुळीस मिळूं शकते. म्हणून हा विषय दुकानदारानें जितका समजून घ्यावा, तितकाच विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि घ्यावा.

प्रथम उजेडाचें माप पाहूं. लांबी जशी मीटरनें मोजतात, तसा एखाद्या जागेवर पडणारा उजेड ‘लक्स’ ह्या मापानें मोजतात. उन्हाळ्याच्या भर दुपारीं उघड्या शेतावर सुमारें एक लक्ष लक्स उजेड पडतो. चांगल्या उजेडाच्या वर्गांत तो सुमारें ३०० लक्स असतो, रस्त्यावरील दिव्याखालीं ५ ते २०, पौर्णिमेच्या चांदण्यांत जेमतेम पाव, आणि अमावास्येच्या रात्रीं नुसत्या ताऱ्यांच्या प्रकाशांत लक्सचा सुमारें हजारावा भाग. म्हणजे दुपारचें ऊन पौर्णिमेच्या चांदण्याच्या सुमारें चार लक्ष पट झालें. इतकें अंतर आपला डोळा सांभाळून घेतो, हें सृष्टींतील एक नवलच होय. अंधारांत गेल्यावर वीस-तीस मिनिटांत त्याला सराव होतो व वाट दिसूं लागते. परंतु रंग मात्र दिसेनासे होतात. चांदण्यांत तांबडें फूल व हिरवें पान दोन्हीं करडींच दिसतात, हा अनुभव प्रत्येकानें घेतला असेल.

आतां कॅमेऱ्याच्या आंत काय असतें तें पाहूं. भिंगाच्या मागें नखाएवढी सिलिकॉनची एक चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लक्षावधि सूक्ष्म चौकटी असतात व प्रत्येक चौकट चित्राचा एकेक कण टिपते. ह्या कणांस पिक्सेल असें नांव आहे. सिलिकॉनवर प्रकाश पडला, कीं तेथें विद्युत्कण मोकळे होतात. ते मोजले, कीं त्या ठिकाणीं किती उजेड पडला हें कळतें. ह्या तत्त्वावरील एक यंत्र विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत योजिलें आणि त्याबद्दल २००९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. हल्लींच्या कॅमेऱ्यांतील चकत्यांची रचना त्याहून निराळी असली, तरी प्रकाशाचा विद्युत्कणांत हिशेब ठेवावयाचा, ही मूळ कल्पना तीच आहे.

अंधारांतील चित्र दाणेदार कां दिसतें, हें एका दृष्टान्तानें समजेल. अंगणांत शंभर वाट्या ओळीनें मांडून ठेवा. मुसळधार पाऊस पडला, तर सर्व वाट्यांत जवळजवळ सारखेंच पाणी सांठेल. परंतु नुसते चार थेंब शिंतडून पाऊस गेला, तर कोणा वाटींत दोन थेंब, कोणांत पांच, तर कोणांत एकहि नाहीं, अशी विषमता दिसेल. सेन्सरच्या चौकटी म्हणजे ह्या वाट्या व प्रकाश म्हणजे पाऊस. उजेड भरपूर असेल, तर चित्र गुळगुळीत उतरतें. तो अपुरा असेल, तर शेजारशेजारच्या कणांतहि मेळ राहत नाहीं आणि चित्रावर मुंग्या फिरल्यासारख्या दिसतात. हा कारागिराचा दोष नव्हे. पाऊसच थोडा, त्याला वाट्यांनीं काय करावें?

ह्यावर उपाय चार आहेत. परंतु प्रत्येकाचें मोल द्यावें लागतें. पहिला उपाय वाट्या मोठ्या करण्याचा, म्हणजे सेन्सर मोठा घेण्याचा; त्यानें किंमत वाढते. दुसरा भिंगाचें तोंड रुंद करण्याचा. भिंगावर १.०, १.६, २.० असे आंकडे असतात. आंकडा जितका लहान, तितकें तोंड मोठें. १.० चें भिंग २.० च्या भिंगाच्या चौपट प्रकाश आंत घेतें. मात्र जवळच्या व दूरच्या वस्तु एकाच वेळीं स्पष्ट दाखविण्याची त्याची शक्ति कमी होते. तिसरा उपाय अधिक वेळ प्रकाश सांठविण्याचा. येथें गणित करून पाहावें. तासाला ५ किलोमीटर चालीनें जाणारा मनुष्य सेकंदाच्या पंचविसाव्या भागांत सुमारें साडेपांच सेंटिमीटर पुढें सरकतो. परंतु अंधारामुळें कॅमेऱ्यानें पाव सेकंद डोळा उघडा ठेवला, तर तेवढ्यांत तो ३५ सेंटिमीटर सरकलेला असतो. मग भिंत स्पष्ट, दार स्पष्ट, पण मनुष्य म्हणजे केवळ एक धुराचा लोट, असें चित्र निघतें. दुकानांत भिंतीची चोरी होत नसल्यामुळें अशा चित्राचा उपयोग बेताचाच. चौथा उपाय म्हणजे आलेला क्षीण संदेश विजेच्या साहाय्यानें वाढविणें. त्यानें चित्र उजळतें खरें, परंतु मुंग्याहि तितक्याच पटीनें वाढतात.

ह्या चारहि उपायांनीं भागत नाहीं, तेव्हां कॅमेरा स्वतःचा दिवा लावतो. पण असा दिवा, कीं जो आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं. १८०० सालीं विल्यम हर्षल ह्या ज्योतिषशास्त्रज्ञानें सूर्यप्रकाशाचे लोलकानें सात रंग पाडून प्रत्येक रंगांत उष्णतामापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथेंहि पारा चढला. ह्या अदृश्य किरणांस अवरक्त किरण म्हणतात. आपला डोळा सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश पाहतो. सिलिकॉनला मात्र सुमारें ११०० पर्यंतचा प्रकाश जाणवतो. भिंगाभोंवतींचे तांबूस ठिपके हे बहुधा ८५० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे होत. ९४० चे दिवे घेतले तर तांबूसपणाहि दिसत नाहीं. परंतु सिलिकॉनला ते कमी जाणवतात व पल्ला घटतो. दिवसा हे किरण चित्राचे रंग बिघडवितात, म्हणून सेन्सरपुढें त्यांना अडविणारी एक कांच असते. सायंकाळीं ती कांच ‘टक्’ असा बारीक आवाज करून बाजूस सरकते व चित्र कृष्णधवल होतें.

हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं घरींच करून पाहावा. अंधाऱ्या खोलींत दूरदर्शन संचाचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढें धरून त्याचें बटण दाबावें. पुष्कळ मोबाइलांत, विशेषतः त्यांच्या पुढील बाजूच्या कॅमेऱ्यांत, रिमोटच्या टोकाशीं जांभळट पांढरा उजेड लुकलुकतांना दिसतो; नुसत्या डोळ्यांस तेथें कांहींच दिसत नाहीं.

ह्या अदृश्य दिव्यालाहि सृष्टीचे नियम सुटलेले नाहींत. अंतर दुप्पट झालें, कीं उजेड चौथाई होतो. म्हणून खोक्यावर छापलेला ‘३० मीटर’ हा पल्ला म्हणजे तेवढ्या अंतरावर कांहींतरी आहे इतकें दिसण्याचा पल्ला होय. तेथील चेहरा ओळखूं येईलच असें नाहीं. उलट अगदीं जवळ आलेल्या मनुष्याचा चेहरा पिठासारखा पांढरा फटक होऊन त्यावरील नाकडोळेहि पुसले जातात. दिव्याच्या उबेस व आश्रयास कोळी जाळें विणतो, आणि तो एक धागा चित्रांत दोरखंडासारखा चमकतो. जिनिंगच्या आवारांत तर हंगामभर हवेंत रुईचे तंतू तरंगत असतात. ते कॅमेऱ्याच्या अगदीं समोरून जातांना अवरक्त उजेड परत फेकतात व चित्रांत बर्फ पडत असल्याचा भास होतो. ह्यास्तव दर आठवड्यास भिंग पुसणें, आणि शक्य तेथें अवरक्त दिवा कॅमेऱ्यापासून वेगळा, थोडा दूर लावणें, हे साधे उपाय अवश्य करावे.

आतां कॅमेरा सर्वांत अधिक कोठें फसवितो तें सांगतों. अवरक्त उजेडांत रंग नाहींसे होतातच. त्याहून वाईट गोष्ट अशी, कीं गडद-फिकेपणाहि उलटून जातो. झाडाचीं हिरवीं पानें पांढरीं दिसतात. पुष्कळ काळीं व निळीं कापडें अवरक्त किरण बरेच परत फेकीत असल्यामुळें चित्रांत राखाडी किंवा पांढरट दिसतात. समजा, एखाद्या दुकानांत रात्रीं चोरी झाली. सकाळीं मालकानें चित्र पाहिलें. पांढऱ्या सदऱ्याचा एक सडपातळ मनुष्य दारांतून जातांना दिसला, चेहरा मात्र उमटलेला नाहीं. त्या रात्रीं हमालांपैकीं एका पोरानें पांढरा सदरा घातला होता, हें चारचौघांस ठाऊक आहे. दुपारपर्यंत त्याचें नांव गांवभर होतें. वास्तविक त्या चोराचा सदरा काळाहि असूं शकेल! चित्र खोटें बोललें नाहीं. परंतु तें ज्या भाषेंत बोललें ती भाषा पाहणारास ठाऊक नव्हती. पोराची मजुरी गेली, आईबापांस मान खालीं घालावी लागली; पुढें खरा चोर सांपडला, तरी गेलेलें नांव पूर्ववत् होणें कठीण. म्हणून रात्रीच्या कृष्णधवल चित्रावरून कपड्याचा रंग सांगणें हें अनुमानहि नव्हे. तो अन्याय होय.

ह्या दोषावर आतां निराळ्या तऱ्हेचे कॅमेरे निघाले आहेत. त्यांत सेन्सर मोठा असतो, भिंगाचें तोंड रुंद असतें, आणि सेन्सरवरील तारांचें जाळें मागील बाजूस नेऊन प्रकाशाची वाट मोकळी केलेली असते. रस्त्यावरील दिव्याचा थोडा उजेड मिळाला, तरी हे कॅमेरे रात्रीं रंगीत चित्र देतात. न मिळाल्यास लहानसा पांढरा दिवा लावतात. सर्वस्वी काळोखांत मात्र तेहि रंग दाखवूं शकत नाहींत, हें जाहिरात वाचतांना ध्यानांत ठेवावें. दुकानाच्या दारावर एक साधा पांढरा विजेचा दिवा रात्रभर तेवत ठेवला, तर स्वस्त कॅमेऱ्याचेंहि चित्र सुधारतें, आणि दिव्याखालीं उभें राहून कुलूप फोडावयास चोरहि बिचकतो. कॅमेऱ्यावर पैसा खर्चण्यापूर्वीं दिव्याचा विचार करावा तो यासाठींच.

ह्याहून अगदीं निराळा प्रकार उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्यांचा आहे. मनुष्याच्या अंगांतून व प्रत्येक पदार्थांतून उष्णतेचे किरण सतत बाहेर पडत असतात. ८ ते १४ मायक्रोमीटरच्या ह्या किरणांवर तो चित्र काढतो. त्याला उजेडाची गरजच नाहीं. त्यांत चेहरा ओळखूं येत नाहीं आणि कांचेपलीकडचेंहि दिसत नाहीं. परंतु कुंपणाशीं मनुष्य आहे कीं नाहीं, हें घोर अंधारांतहि कळतें. कापसाच्या गंजीचा पृष्ठभाग एखाद्या जागीं नेहमींपेक्षां अधिक तापूं लागला, तर ज्वाळा निघण्यापूर्वींहि त्याची सूचना मिळूं शकते. कापूस आंतल्या आंत धुमसतो, व तो पेटला म्हणजे विझविणें किती अवघड, हें ह्या भागांतील लोकांस सांगावयास नको. कापसाच्या धंद्यांत चोरापेक्षां आगीचें भय थोडें नाहीं.

दिसणें आणि ओळखूं येणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हेंहि गणितानें समजतें. युरोपांत ठरलेल्या एका प्रमाणाप्रमाणें अनोळखी मनुष्याची निश्चित ओळख पटण्यास दृश्यांतील दर मीटर रुंदीस २५० पिक्सेल पाहिजेत. ओळखीचा मनुष्य ओळखण्यास १२५. आणि तेथें कोणी आहे एवढेंच कळण्यास २५ पुरतात. नेहमींच्या कॅमेऱ्याच्या चित्रांत आडव्या ओळींत १९२० पिक्सेल असतात. १९२० ला २५० नीं भागिलें, तर सुमारें पावणेआठ मीटर येतात. म्हणजे एका कॅमेऱ्यानें पावणेआठ मीटर रुंदीचीच जागा चेहरा निश्चित ओळखण्याइतकी पाहिली जाते. जिनिंगचें ७५ मीटर रुंदीचें आवार एकाच कॅमेऱ्यांत बसविलें, तर कोणीतरी हिंडत आहे, एवढेंच कळेल. तो कोण, हें कळणार नाहीं. हा हिशेबहि चांगल्या उजेडांतला; अंधारांत त्यांतहि तूट येते. ह्यास्तव एक कॅमेरा सर्व आवारावर नजर ठेवणारा व दुसरा केवळ दारावर रोखलेला, अशी वांटणी करावी. दारावरील कॅमेरा फार उंच लावूं नये. चार-पांच मीटर उंचीवरून टोपी व टाळू तेवढी दिसते. माणसाच्या डोक्याहून थोड्या उंचीवर, हाताला न लागेल असा, तो असावा. आपल्याकडे उन्हामुळें तोंडास दुपट्टा गुंडाळण्याची रीत आहे व चोरहि तिचा फायदा घेतो. तेव्हां चेहऱ्याबरोबर गाडीचा क्रमांक टिपण्याचीहि सोय हवी. त्यासाठीं वेगळा कॅमेरा लागतो. तासाला ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या पंचविसाव्या भागांत सुमारें ६७ सेंटिमीटर जाते, हजाराव्या भागांत मात्र पावणेदोनच. क्रमांक वाचावयाचा तर डोळा इतका झटकन मिटला पाहिजे, आणि मग उजेड त्या मानानें अधिक हवा.

चित्र घेतल्यावर तें सांठवावें लागतें. दर सेकंदास २ मेगाबिट ह्या हिशेबानें एक कॅमेरा दिवसास सुमारें २१.६ गिगाबाइट जागा घेतो. चार कॅमेऱ्यांस तीस दिवसांकरितां सुमारें २६०० गिगाबाइट लागतात. चित्रावरील मुंग्यांनाहि यंत्र हालचालच समजतें, म्हणून रात्रीं जागा अधिक खर्च होते किंवा चित्राचा कस उतरतो. वीज गेली तर चालावें म्हणून इन्व्हर्टर पाहिजे, आणि यंत्राचें घड्याळ बरोबर आहे ना, हें महिन्यांतून एकदां पाहिलें पाहिजे. दहा मिनिटांच्या चुकीनेंहि निर्दोष मनुष्य गोत्यांत येऊं शकतो.

न्यायालयांत हीं चित्रें कशीं मांडावयाचीं, ह्याविषयीं आपल्या महाराष्ट्रांतीलच एक खटला प्रसिद्ध आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत जालना मतदारसंघांत उमेदवारी अर्ज वेळेंत आले कीं नाहीं, असा वाद निघाला व निर्वाचन अधिकाऱ्याच्या कचेरींतील चित्रण पुराव्यांत आलें. खोतकर विरुद्ध गोरंट्याल ह्या त्या प्रकरणांत १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं मूळ यंत्र हजर न करतां त्यावरून काढलेली प्रत दाखल करावयाची, तर कायद्यांत सांगितलेलें प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येंहि प्रमाणपत्राची ही अट आहे. तसेंच २ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला, तेव्हां त्यांत रात्रीं पाहण्याची सोय असलीच पाहिजे असें स्पष्ट नमूद केलें. कोठडींतील मनुष्याच्या रक्षणासाठीं दिलेला हा आदेश आहे. म्हणजे हें यंत्र दुबळ्याचेंहि साक्षीदार होऊं शकतें.

जें यंत्र पाहतें, त्याच्यापुढें दुसऱ्यांच्या खासगीपणाचा प्रश्न उभा राहतोच. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. आपल्या दुकानाचा कॅमेरा शेजाऱ्याच्या अंगणावर किंवा खिडकीवर रोखूं नये. कॅमेरा आहे अशी पाटी लावावी. नोकरमाणसांस तें आधीं सांगावें. यंत्राचा मूळचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या एका दुष्ट आज्ञावलीनें न बदललेल्या अशाच शब्दांच्या जोरावर जगभरचे असंख्य कॅमेरे वश केले होते. राखणीस ठेवलेलाच परक्यास फितूर झाला, तर काय उपयोग?

शेवटीं पालकांस एक परीक्षा सुचवितों. कॅमेरा विकत घेतांना दुकानांतील झगझगीत उजेडांतलें चित्र पाहून भुलूं नये. तो बसविल्यावर एका अंधाऱ्या रात्रीं घरांतील कोणास तरी, नांव न सांगतां, दारावरून नेहमींच्या चालीनें जावयास सांगावें. सकाळीं तें चित्र मुलांस दाखवून, हा कोण व ह्याच्या सदऱ्याचा रंग कोणता, असें विचारावें. मुलांनीं अचूक ओळखलें तर कॅमेरा कामाचा. त्यांची चूक झाली, तर दिवा वाढवावा, कॅमेरा खालीं घ्यावा, भिंग पुसावें. आणि जी चूक आपल्या मुलांची आपल्याच माणसाविषयीं झाली, ती परक्याविषयीं किती सहज होईल, ह्याचाहि विचार करावा.

कॅमेरा हा साक्षीदार आहे, राखणदार नव्हे. तो हांक मारून चोरास अडवीत नाहीं कीं पेटत्या गंजीवर पाणी ओतीत नाहीं. त्यासाठीं अजून चौकीदारच लागतो. ह्या दोघांची जोडी जमवावी. एकानें पाहावें, दुसऱ्यानें धांवून जावें. आणि कोणावर दोष ठेवण्यापूर्वीं मालकानें पुरेसा उजेड होता कीं नाहीं, हें आधीं विचारावें.